चार वाजता येणारी गाडी

मिस्त्रीचं गॅरेज चढाच्या पायथ्याशी होतं. वर जाताना तापलेली आणि खाली येताना ब्रेक जळालेली, अशा दोन्ही गाड्या शेवटी त्याच्याच दारात येऊन टेकायच्या. अठ्ठावीस वर्षं तो एकट्यानं काम करत आला होता. मदतनीस का ठेवत नाही असं कुणी विचारलं तर म्हणायचा, दुसऱ्यानं आवळलेल्या नटावर मला झोप लागत नाही.

त्याला एकच मेहुणा, बायकोचा भाऊ. बेचाळिशी ओलांडली तरी घरात सगळे त्याला धाकटा म्हणूनच हाक मारत. तो चष्मेवाला होता. काचांची पेटी गाडीत घालून आसपासच्या वस्त्यांवर फिरायचा, म्हाताऱ्याकोताऱ्यांचे डोळे तपासायचा, चष्मे करून द्यायचा. तोंडाला ब्रेक म्हणून नव्हता. रविवारी बहिणीकडे जेवायला आला की पानावर बसल्यापासून हात धुवेपर्यंत त्याचीच टकळी चालू. लग्न केलं नव्हतं. कुणी विषय काढलाच तर हसून म्हणायचा, साऱ्या जगाला नंबर काढून दिले, माझाच नंबर लागला नाही.

त्याची गाडी म्हणजे त्याच्या वडिलांची, मिस्त्रीच्या सासऱ्यांची. डबीएवढी, जुनी, तीन सिलिंडरची. सपाटीवर बरी चालायची, पण चढ दिसला की तिच्या तोंडचं पाणी पळायचं. एकदा डोक्यावर लाकडांची मोळी घेतलेली म्हातारी चढावर तिच्या पुढे निघून गेली, आणि जाता जाता खिडकीत वाकून, मागून ढकलायला येऊ का, असं विचारून गेली. हा किस्सा धाकटा स्वतःच सगळ्यांना सांगायचा. पण त्या दिवसापासून त्यानं मिस्त्रीच्या मागे लकडा लावला: मोठं इंजिन बसवून द्या.

मिस्त्रीनं त्याला परोपरीनं समजावलं. उंदराला हत्तीचं काळीज बसवलं म्हणून उंदीर धावत नाही, फुटतो. इंजिन मोठं म्हणजे त्याला धरून ठेवणारे माउंटिंग मोठे, क्लच मोठा, रेडिएटर मोठा, पुढच्या स्प्रिंगा जाड आणि ब्रेक तर आधी. एवढं सगळं बदलल्यावर गाडीत सासऱ्यांचं काय उरणार, फक्त दारं. पण बायकोनं मध्येच सांगून टाकलं की कधीतरी ती गाडी त्याला घेऊन चढावरून मागे घसरेल, आणि तेव्हा मला नट-बोल्टच्या गोष्टी सांगू नका. बायकोच्या भावापुढे शहाणपण चालत नाही, हे मिस्त्रीला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं. तो भंगारवाल्याकडे गेला.

भंगारवाला जुना दोस्त. चार सिलिंडरचं एखादं धडधाकट इंजिन आहे का म्हटल्यावर तो एरवीसारखा घासाघीस करायला बसला नाही. उठून सरळ मागच्या कुंपणाकडे गेला. तिथे ताडपत्रीखाली एक इंजिन होतं. गाडी केव्हाच कापून झाली होती, म्हणाला, एवढंच राहिलंय. कुठून आलं, कुणाचं होतं, यावर त्यानं नुसता हात हलवला. मिस्त्रीनं पान्यानं पुली फिरवून पाहिली, तर आतलं सगळं लोण्यातून सुरी जावी तसं फिरलं. डिपस्टिक काढली, तर तेल मधासारखं. बाहेर पडून राहिलेल्या इंजिनात असं तेल त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. नशीब काढलं धाकट्यानं, असं मनात म्हणून त्यानं ते टेम्पोत चढवलं. टेम्पो निघाला तेव्हा भंगारवाला फाटकाशी उभा होता, आणि पाहुणा एकदाचा गेला म्हणजे यजमान सोडतो तसा त्यानं सुस्कारा सोडला.

काम तीन आठवड्यांचं होतं. पहिले चार दिवस लहान इंजिन उतरवण्यात आणि पुढचा भाग धुऊन काढण्यात गेले. मोठं इंजिन तेवढे दिवस चेनपुलीला टांगून होतं. मिस्त्रीनं त्याचं हेड, वरचं झाकण, उघडून आत पाहिलं. सिलिंडर आरशासारखे लख्ख, कुठे चरा नाही. त्यानं हेड परत बसवलं आणि माउंटिंगसाठी लोखंडी पट्ट्या कापायला घेतल्या.

पाचव्या दिवशी दुपारी तो पट्टी घासत बसला होता. कानस थांबवली तेव्हा त्याला टिक टिक असा आवाज आला. आवाज ओळखीचा होता. लांबून आलेली गाडी बंद केली की तापलेलं लोखंड थंड होताना असा आवाज करतं. त्यानं दारात पाहिलं, रस्त्यावर पाहिलं. कुठेच गाडी नव्हती. मग तो आवाजाच्या दिशेनं गेला आणि टांगलेल्या इंजिनाला हात लावला. इंजिन गरम होतं. ऊन लागून पत्रा तापतो तसं नव्हे. आतून गरम, पस्तीस-चाळीस मैल पळून आल्यासारखं. ना पेट्रोलची नळी, ना बॅटरी, ना सायलेन्सर. तो हात तसाच ठेवून उभा राहिला. अर्ध्या तासानं ते थंड झालं. भिंतीवरच्या घड्याळात साडेचार वाजले होते.

बायकोला त्यानं काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र तो चार वाजायच्या आधीच हातातलं काम टाकून इंजिनापाशी बसला. चार वाजून दोन-तीन मिनिटांनी लोखंड टिकटिकायला लागलं. तिसऱ्या दिवशीही तसंच. चौथ्या दिवशी तो मुद्दाम त्या वेळेला बाहेर निघून गेला.

दहाव्या दिवशी सकाळी शिंपीणबाई आल्या. चढाच्या मध्यावर जे वळण आहे, तिथल्या घरात त्या राहत. पडदे, गणवेश, अभ्रे शिवून दुकानांना द्यायच्या. मिस्त्री त्यांना येता-जाता पाहून ओळखायचा, बोलणं असं कधी झालेलं नव्हतं. पन्नाशीच्या, उंच, गळ्यात मापाची पट्टी तशीच. त्यांनी आधी गॅरेजभर नजर फिरवली, चेनपुलीपाशी ती थांबली, आणि मग त्यांनी विचारलं की चार वाजता वर चढणारी ती मोठी गाडी तुमच्याकडची का.

मिस्त्री म्हणाला, माझ्याकडे सध्या चालती गाडीच नाही.

शिंपीणबाईंनी मान हलवली. मग शांतपणे, दुकानदाराला माप सांगावं तसं, त्यांनी सांगितलं. त्यांच्या नवऱ्याची लांबलचक गाडी होती, मागे कापडाचे तागे मावायचे. तो रोज शिवलेला माल पोचवून चारच्या सुमाराला घरी यायचा. पायथ्याशी गाडी तिसऱ्या गिअरात घ्यायचा, आणि वळणाच्या जरा आधी इंजिनाला एक ठसका लागायचा. तेवढा एकच. तो ऐकला की त्या चहाचं आधण ठेवायच्या. तीन वर्षांपूर्वी एका दुपारी तो गेला तो आला नाही. गाडीही सापडली नाही, माणूसही नाही. लोकांनी म्हणायचं ते म्हटलं.

"गेले नऊ दिवस ती रोज येतेय," त्या म्हणाल्या. "चढ चढते, ठसका देते आणि माझ्या दारासमोर थांबते. मी बाहेर येऊन बघते तर रस्ता मोकळा."

नऊ दिवसांपूर्वीच मिस्त्रीनं इंजिन आणलं होतं. त्यानं सांगितलं की हे इंजिन मी अजून एकदाही सुरू केलेलं नाही.

"ते दिसतंय मला," शिंपीणबाई म्हणाल्या. "म्हणून तर विचारायला आले."

त्या गेल्यावर मिस्त्री बराच वेळ रिकाम्या हातांनी बसून राहिला. काम सोडून द्यावं असं मनात आलं. पण धाकट्याला काय सांगणार? इंजिन न चालता तापतं म्हणून? तो हसून हसून लोळला असता आणि गावभर करून आला असता. शिवाय इंजिन हातातलं होतं, मोकळं करून पाहिलेलं होतं. हातानं उघडून पाहिलेल्या वस्तूला घाबरायचं म्हणजे धंदाच सोडायचा. मिस्त्रीनं काम पुरं केलं. इंजिन आणि माणसांच्या मधला पत्रा चार बोटं मागे सरकवला, रेडिएटर बदलला, पुढचे ब्रेक मोठे बसवले. बॉनेट बसेना म्हणून त्यावर एक उंचवटा काढला. सासऱ्यांची गाडी कपाळावर टेंगूळ आल्यासारखी दिसू लागली.

किल्ली फिरवताच इंजिन सुरू झालं, गोड चाललं. पण तिसऱ्या गिअरात चढाला लागलं की एक ठसका. मिस्त्रीनं प्लग बदलले, कार्बोरेटर दोनदा उघडून साफ केला, पेट्रोलची नळी नवी घातली. ठसका तिथेच. शेवटी त्यानं गाडी धाकट्याच्या हवाली केली आणि एवढंच सांगितलं की शक्यतो दुपारी चारला चढावरून येऊ नकोस. धाकट्यानं विचारलं, का, चढ चारला झोपतो का?

त्याला तर चारलाच यायचं असायचं, फेरी संपायची ती वेळ. पहिल्याच दिवशी इंजिन शिंपीणबाईंच्या दारासमोर बंद पडलं. अर्धा तास काही केल्या सुरू होईना, मग आपसूक झालं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी दार उघडं होतं, त्यांनी आत बोलावलं, तो चहा पिऊन आला. हे सगळं त्यानं रविवारी बहिणीकडे रंगवून सांगितलं. म्हणे, बाकीच्यांच्या गाड्या पेट्रोलवर चालतात, माझी चहावर.

त्याच्या पुढच्या रविवारी तो थोडं कमी बोलला. त्याच्याही पुढच्या रविवारी तो आला, बसला, जेवला, हात धुतले आणि गेला. बहिणीनं दोनदा विचारलं, बरं वाटत नाही का. त्यानं मान हलवली, ती हो की नाही तेही कळलं नाही. तो गेल्यावर ती खरकटी भांडी तशीच टाकून नवऱ्यासमोर येऊन बसली.

"माझा भाऊ बोलायचा थांबलाय," ती म्हणाली. "तुम्ही त्या गाडीत काय घातलंत?"

मिस्त्रीनं मग पहिल्यापासून सगळं सांगितलं. सगळं ऐकून झाल्यावर ती म्हणाली, उद्या जाऊन डोळ्यांनी बघून या.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री चढानं पायी वर गेला. वळणाच्या अलीकडे एका कट्ट्यावर बसला. चार वाजता खालून गाडीचा आवाज आला. तिसरा गिअर. ठसका. गाडी वळणावर आली आणि दारासमोर थांबली. मिस्त्रीला स्पष्ट दिसलं, धाकट्यानं ब्रेक दाबलाच नव्हता, मागचे दिवे लागले नव्हते. तो उतरला. दार सताड उघडं होतं. दारात एक पायरी मध्ये खचलेली होती, नवखा माणूस तिथे अडखळलाच असता. धाकट्यानं खाली न बघता तिच्यावरून लांब टांग टाकली आणि आत गेला.

मिस्त्री पुढे जाऊन खिडकीशी उभा राहिला. शिंपीणबाई मशीनवर बसून शिवत होत्या. धाकटा भिंतीला लावलेल्या खुर्चीवर बसला होता. दोघंही बोलत नव्हते. पण एकमेकांशी बोलायला काही उरलं नाही अशी माणसं गप्प बसतात, तसं ते नव्हतं. वीस वर्षं एका घरात काढलेली माणसं संध्याकाळची जशी बसतात, तसं होतं. धाकट्यानं हात लांब करून न पाहताच फळीवरची कात्री उचलली आणि त्यांच्याकडे दिली. त्यांनी न मागता.

अर्ध्या तासानं धाकटा बाहेर आला. मिस्त्रीला पाहून तो दचकला नाही, नुसता गाडीला टेकून उभा राहिला. मग त्याचं तोंड उघडलं.

"मला ती पायरी पहिल्याच दिवशी माहीत होती, भावोजी. कात्री कुठे असते तेही. खुर्चीचा मागचा पाय डुगडुगतो, तेही."

"मग जातोस कशाला?"

धाकटा वळणाखालच्या रस्त्याकडे बघत राहिला. "आत गेलो की तिथे कुणीतरी वाट बघत असतं," तो म्हणाला. "माझी नव्हे, ते कळतंय मला. तरी आजवर माझी कुणी अशी वाट पाहिली नव्हती हो."

मिस्त्रीनं हात पुढे केला. त्यानं फक्त किल्ली मागून घेतली, आणि धाकट्यानं ती दिली.

इंजिन काढायचं हे ठरलंच. पण त्या बाईंना न सांगता काढणं त्याला बरोबर वाटेना. तो दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याकडे गेला, स्वतः त्या पायरीवर अडखळला, आणि आत बसून त्यानं आपला विचार सांगितला. शिंपीणबाईंनी कपाटातून एक पत्र्याचा डबा काढला. त्यात त्यांच्या नवऱ्याच्या गाडीची कागदपत्रं होती. इंजिनाचा नंबर मिस्त्रीच्या डायरीत टिपलेला होता. त्यानं एक एक आकडा बोटाखाली धरून ताडून पाहिला. शेवटच्या आकड्यापर्यंत नंबर तोच होता.

तिथून तो तडक भंगारवाल्याकडे गेला. या वेळी त्यानं हात हलवून भागू दिलं नाही. भंगारवाल्यानं आढेवेढे घेतले, मग सांगितलं. चढापलीकडे मोठा तलाव आहे. गेल्या उन्हाळ्यात बांधाच्या डागडुजीसाठी त्याचं पाणी सोडलं होतं, तेव्हा गाळात एक लांब गाडी निघाली. बांधावरच्या मजुरांनी कुणाला न कळवता ती क्रेननं उचलून इथे आणून टाकली. आत कुणी नव्हतं. चारही दारं बंद होती आणि काचा वर होत्या.

"पाण्यातलं इंजिन कुणी घेत नाही," भंगारवाला म्हणाला. "म्हणून तुला बोललो नाही. दोस्ताशी असं वागायला नको होतं."

मिस्त्री म्हणाला की या इंजिनानं पाणी पाहिलेलंच नाही. मी हेड उघडलंय. सिलिंडरमध्ये चेहरा दिसत होता.

भंगारवाल्यानं मागच्या कुंपणाकडे पाहिलं. मग सावकाश म्हणाला, "माझ्याकडे आलं तेव्हा त्याच्यातून तीन दिवस चिखल गळत होता. कापायला ठेवलं होतं. एका दुपारी हात लावला तर गरम लागलं. तेव्हापासून आमच्यापैकी कुणी त्याच्या वाटेला गेलं नाही."

शिंपीणबाईंना हे सांगणं मिस्त्रीच्या जिवावर आलं होतं. पण त्यांनी ऐकून घेतलं. तलावाचं नाव काढल्यावर त्यांचा हात मापाच्या पट्टीवर गेला आणि तिथेच राहिला. मग त्यांनी विचारलं, इंजिन काढण्याआधी मला एकदा त्या गाडीतून तिकडे नेता का.

दुपारी दोनला ते निघाले. मिस्त्री चालवत होता, बाई शेजारी. लहानशा गाडीत त्यांचे गुडघे पुढे टेकत होते. इंजिन त्या दिवशी असं चाललं की मिस्त्रीला आपण बनवलेल्या गाडीचा अभिमान वाटला, आणि वाटल्याबद्दल भीतीही. चढ संपला, पलीकडचा उतार लागला. तलावाच्या कडेकडेनं रस्ता जात होता. वाटेत बाई स्वतःहून बोलल्या. त्या दिवशी सकाळी दोघांचं भांडण झालं होतं. कशावरून ते आता आठवतही नाही. त्या दिवशी माल नेहमीसारखा खाली नव्हे, तलावापलीकडच्या दुकानांना द्यायचा होता; तो माल चढवत होता आणि त्या दारातून म्हणाल्या होत्या, आज आलास तर दार उघडणार नाही.

"त्याला वाटलं असेल, खरंच उघडणार नाही," त्या म्हणाल्या. "निघून गेला असेल. तीन वर्षं मी हेच धरून चाललेय. म्हणून दार उघडं ठेवते."

बांधापर्यंत काहीच झालं नाही. इंजिन अडखळलं नाही, थांबलं नाही. मिस्त्रीनं बांधाशी गाडी उभी केली. दोघांनी उतरून पाणी पाहिलं. पुन्हा भरलेला तलाव, वारा नाही, पाण्यावर एक सुरकुती नाही. बघण्यासारखं काही नव्हतं. बाई म्हणाल्या, चला परत. मिस्त्रीनं गाडी वळवली.

परतीच्या रस्त्यावर, पाऊण मैल आल्यावर, एक आडवळण होतं. जाताना ते कळलंही नव्हतं. घराकडे तोंड असताना मात्र ते एकदम समोर येत होतं, आणि पलीकडे खाली पाणी. तिथे उताराच्या कडेला दगडांची रांग होती. त्यातले मधले चार दगड गेल्या उन्हाळ्याच्या डागडुजीत नव्यानं बसवलेले, त्यांचं सिमेंट अजून पांढुरकं. मिस्त्रीनं गाडी तिसऱ्या गिअरात घेतली आणि इंजिनाला ठसका लागला. तेवढा एकच. मग ते बंद पडलं. गाडी आपल्या वेगानं चार हात सरकली आणि त्या नव्या दगडांसमोर थांबली.

घड्याळात साडेतीन झाले होते. इथून घर बरोबर अर्ध्या तासावर.

मिस्त्रीला कळायला थोडा वेळ लागला. बाईंना त्याच्या आधी कळलं होतं. घरून निघून जाणारा माणूस या दगडांच्या बाजूनं जात नाही, त्याची गाडी डोंगराच्या बाजूनं असते. इथून पाण्यात जाणारी गाडी परत येणारी असते.

"येत होता," शिंपीणबाई म्हणाल्या. "तो घरीच येत होता."

त्या रडल्या नाहीत. दोन्ही हात समोरच्या पत्र्यावर ठेवून बसून राहिल्या. बॉनेटखाली लोखंड टिकटिकत होतं. दोघंही ते ऐकत होते. टिकटिक हळूहळू विरळ झाली, दोन आवाजांमधलं अंतर वाढत गेलं, जसं झोप लागणाऱ्याचं बोलणं तुटत जातं. मग एक टिक झाली आणि तिच्या पुढची आलीच नाही. बाईंनी पत्र्यावरचे हात उचलले. म्हणाल्या, गार पडला.

गाडी परत सुरू झाली नाही. एका ट्रकवाल्यानं दोघांना घरी सोडलं. मिस्त्रीनं दुसऱ्या दिवशी गाडी ओढून आणली. इंजिन फिरवायला पान्याला लांब नळी लावून तो लोंबकळला, पण पुली तसूभर हलली नाही. त्यानं तेलाच्या चेंबरचा बोल्ट काढला. तेल आलं नाही. पाणी आलं, गार, स्वच्छ, बादलीभर, आणि त्यात शेवाळाची हिरवी दोरी. हेड उघडायला छिन्नी लागली. आत चारही पिस्टन गंजून सिलिंडरशी एकजीव झाले होते, वर गाळ बसून वाळला होता. कित्येक महिने, कदाचित वर्षं, न फिरलेलं इंजिन. कालच याच इंजिनावर तो चढ चढून तलावापर्यंत गेला होता. मिस्त्री जमिनीवर बसला.

बायकोला त्यानं आणून दाखवलं. तिनं वाकून पाहिलं, पदरानं तोंड पुसलं, आणि म्हणाली, हे कुणाला दाखवू नका, धाकट्यालाही नको. मग तीच दोन हात लावून ते झाकायला पुढे झाली.

तलावात लोक उतरवले गेले. शिंपीणबाईंनी स्वतः जाऊन पोलिसांना कळवलं होतं. पाणी खोल होतं, गाळ त्याहून खोल. माणूस मिळाला नाही. त्या आडवळणाच्या दगडांपाशी बाई एकदा जाऊन आल्या, एकट्या, आणि तिथे काय केलं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. चार वाजता चढावर त्यानंतर त्यांना काही ऐकू आलं नाही. सुरुवातीला त्या शांततेनं कान दुखायचे, असं त्या मिस्त्रीच्या बायकोला म्हणाल्या. नंतर सवय झाली. दार त्या आता लावून घेत.

धाकट्याच्या गाडीत मिस्त्रीनं जुनंच लहान इंजिन परत बसवलं. धाकट्यानं एका शब्दानं कुरकुर केली नाही. मधले काही रविवार तो आलाच नाही. मग एकदा आला, आणि बहीण भात वाढत होती तेव्हा तिला म्हणाला, भात मऊ झालाय, पाण्याचं माप दिसेना का, तुझ्या चष्म्याचा नंबर वाढलाय वाटतं. मिस्त्री आणि त्याची बायको एकमेकांकडे बघायचं टाळत जेवत राहिले.

पुढचं धाकट्यानंच मिस्त्रीला सांगितलं, थंडी सरल्यावर. एका सकाळी तो काचांची पेटी घेऊन वळणावरच्या त्या घराशी गेला होता. गाडी खाली ठेवून, पायी. सुईत दोरा ओवताना बाई डोळे किलकिले करतात, हे त्यानं तेव्हाच पाहून ठेवलं होतं. दार बंद होतं. आपण काय म्हणून आलो, हे तीनदा मनात घोकून त्यानं कडी वाजवली. आतून मशीन थांबल्याचा आवाज आला आणि बाईंनी विचारलं, कोण आहे?

"काय सांगितलंस?" मिस्त्रीनं विचारलं.

"म्हटलं, चष्मेवाला," धाकटा म्हणाला. "त्यांनी दार उघडलं. मी आत जाताना पायरीवर असा आपटलो, भावोजी, की पेटीतल्या दोन काचा फुटल्या." आणि गुडघ्यावरचं खरचटलेलं दाखवत तो इतका खूश होऊन हसला, की मिस्त्रीला पाना खाली ठेवावा लागला.